पट्टा आवळल्यासारखं

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा कागद टाइपरायटरला लावला, दोनदा काढला. कारण यात चूक माझी आहे.

अवधूत माझा शाळेपासूनचा मित्र. निजामपुऱ्यात आईबरोबर राहतो. गणिताचा मास्तर होता. एक्क्याण्णव साली मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. नसांचा आजार. पाय गेले, डावा हात कमजोर झाला, नोकरी गेली. मी दहावी नापास, काल्हेरच्या गोडाऊनमध्ये क्लार्क. पण त्याच्यासाठी इंग्रजी पुस्तकं मिळवली, डिक्शनरी घेऊन वाचली. तो मला डॉक्टर म्हणायचा. चेष्टेनं. मला आवडायचं.

शहाण्णवचा मे. रविवारी दुपारी आम्ही कॅरम खेळत होतो. त्यानं स्ट्रायकर खाली ठेवला.

"केसरी, छातीला पट्टा आवळल्यासारखं होतंय."

"तुझ्या आजाराचाच पट्टा हाय तो. नसा अशा आवळतात, पुस्तकात हाय."

"डावा हातपण जड झालाय."

"तो हलका कधी होता?"

तो हसला. मीपण हसलो.

त्याची आई, अनसूयाकाकू, आतून आल्या. त्याच्या कपाळाला हात लावला. "अरे, हा गार घाम कसला? रिक्षा बघ आधी."

"घाबरू नका, काकू. उन्हाळ्यात वाढतं हे. वाचलंय मी."

काकू थांबल्या. माझ्या वाचण्यावर विश्वास ठेवून. अर्धा तास. मग अवधूतला उलटी झाली, ओठ पांढरे पडले, आणि माझी अक्कल संपली. रिक्षा गल्लीत शिरत नाही. त्याला पाठीवर घेऊन चौकापर्यंत पळालो.

हार्ट अटॅक. वय चौतीस.

"याचं बीपी शेवटचं कधी तपासलं?" हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी विचारलं. कुणाला आठवेना.

"म्हणजे पाच वर्षं सगळे पायच बघत होते. अहो, माणूस बसून असतो, वजन वाढतं, बीपी वाढतं. अशा पेशंटला हृदयाचा धोका जास्तच धरायचा. छातीत दुखलं की आधी हृदय, मग नसा. आणायला एवढा उशीर का केलात?"

काकूंनी माझं नाव घेतलं नाही. मीपण नाही घेतलं.

अवधूत वाचला. अकरा दिवसांनी घरी आला. मी त्याच्याजवळ बसून सरळ सांगितलं, "काकू रिक्षा बघ म्हणत होत्या. मी थांबवलं."

"मी तिथंच होतो की रे."

"मग बोलला का न्हाईस?"

"तुझ्या पाठीवरून चौकातून जायचं. माझी शाळेतली पोरं बघणार. त्यापेक्षा तू म्हणत होतास ते खरं मानणं बरं वाटलं." थोडा दम खाल्ला. "हृदयाचा एक भाग कायमचा गेलाय. पुढच्या वेळीपण मी नकोच म्हणेन, केसरी. मला माहितीय."

"म्हण. शिव्या घाल. मी ऐकणार न्हाय. उचलून नेणार, भर चौकातनं, सगळ्यांच्या देखत. हा माझा शब्द हाय."