नव्या बैलाचं आवतन

वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले, त्या काळी सोनाळ्यात मोतीराम नावाचे एक शेतकरी राहत. फार तालेवार नव्हते, पण खाऊनपिऊन सुखी होते. त्यांच्या घरी त्या वर्षी दोन नवे जीव आले. एक सून आणि एक बैल. सून नांदुऱ्याची, कोकिळा. मोतीरामांच्या उत्तमरावाशी तिचं लग्न झालं वैशाखात. बैल त्यानंतर थोड्याच दिवसांनी नदीपलीकडच्या खेड्यातून आला. घर दोघांनाही नवं होतं आणि शेजारणींची बारीक नजर दोघांवरही होती. बैलाचे त्या दात आणि खूर बघत. सुनेचा बघत पायगुण.

पायगुण मोठा अवघड. दातांसारखा तो तोंड उघडून दाखवता येत नाही. कोकिळा घरात आली आणि त्याच आठवड्यात विहिरीचा कठडा ढासळला. तो केव्हापासून कलला होता, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. पण ढासळायला त्यानं सून येण्याची वाट पाहिली, त्याला ती बिचारी काय करणार? सासू, शालूबाई, यावर काहीच बोलल्या नाहीत. त्या एरवीही फारशा बोलत नसत. त्यामुळे कोकिळेला त्यांचा धाक दुप्पट वाटे.

बैल अमीनाबाईचा. तिचा नवरा फकीर मोहम्मद वारला, तेव्हा तिनं शेत बटाईनं दिलं आणि वासरू होता तेव्हापासून हातानं भरवलेला हा बैल मोतीरामांना विकला. दावं हातात देताना ती म्हणाली, "भाऊ, याचं नाव बदलू नका. मोती म्हटलं का येते. नाही तं लय आपल्या मनाचा हाये." मोतीरामांनी मोठ्या मनानं शब्द दिला. आपण काय करून बसलो, हे त्यांच्या ध्यानात आलं ते घरी पोचल्यावर.

शालूबाईंनी नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर जन्मात घेतलं नव्हतं. सून सासऱ्याचं नाव घेणार कशी? बापाच्या नावानं बैलाला हाकलायला उत्तमरावाची जीभ रेटेना. राहिले खुद्द मोतीराम, तर त्यांना आपणच आपल्याला हाक मारायची म्हणजे चमत्कारिक वाटे. शब्द दिलेला, म्हणून दुसरं नाव ठेवता येईना. शेवटी शालूबाई त्याला 'नवा' म्हणू लागल्या, उत्तमराव नुसता चुचकारू लागला. पेरणी झाली, डवरणी झाली, पण त्या बैलाला त्याच्या नावानं कोणी एकदाही बोलावलं नाही. तो मुकाट्यानं काम करी आणि गोठ्यात नदीकडे तोंड करून उभा राही.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदमळण असते. वर्षभर जू वाहिलेले खांदे ऊन पाण्यानं शेकायचे, त्यांना तूप आणि हळद चोळायची आणि बैलाच्या कानात त्याचं नाव घेऊन सांगायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. एकदा आवतन दिलं की बैल घरचा पाहुणा. तो जेवल्याशिवाय घरात कोणी घास तोंडात घालत नाही. शालूबाईंनी तुपाची वाटी सुनेच्या हातात दिली.

"यंदा तू दे आवतन," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या.

कोकिळेला वाटलं, आज खरं आपण या घरात आलो. जोडीतल्या सर्जाचं आवतन तिनं छान दिलं. नव्याचे खांदे तर तिनं जास्तच मायेनं चोळले. नवखेपण काय असतं ते तिला माहीत होतं. मग त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि तिथंच ती अडली. नाव न घेता कोणी कोणाला जेवायला बोलावतं का? आणि नाव घ्यावं तर मामाजी समोरच ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. नाव ओठांपर्यंत आलं आणि माघारी गेलं. ती तशीच उठली.

"देलं का आवतन?" शालूबाईंनी आतून विचारलं.

"हो," कोकिळा म्हणाली. म्हणाली खरी, पण त्या 'हो'पायी रात्री तिला धड झोप लागली नाही.

पोळ्याच्या सकाळी उत्तमराव जोडी नदीवर धुवायला घेऊन गेला. नवी वेसण घालायची म्हणून त्यानं नव्याची जुनी वेसण आणि दावं सोडलं. सर्जाची पाठ घासून मागं वळून बघतो तर नवा नाही. नदीकाठ गजबजलेला, गावातले सगळे बैल तिथं, कोणाचं कोणाकडे लक्ष नव्हतं. उत्तमरावानं शेतांचे धुरे-बांध पालथे घातले, सरकारी कोंडवाड्यात डोकावून आला. नदीला कंबरभर पाणी होतं, त्यामुळे बैल पलीकडे गेला असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

घरात पुरणाच्या पोळ्या, कढी, वडे, सगळं तयार होतं आणि कोणी जेवत नव्हतं. दुपार कलली. वेशीत तोरणाखाली गावाचे बैल गोळा झाले, झडत्यांची गाणी म्हणून झाली, पोळा फुटला आणि जोड्या घरोघर निघाल्या. वाजंत्री दारावरून गेली. मोतीरामांच्या अंगणात सर्जा एकटाच झूल घालून उभा होता. मोतीराम भुकेचे कच्चे, पण तेही उपाशीच खांबाला टेकून बसले होते.

शेजारच्या म्हातारीनं भिंतीवरून मान काढली. "आवतन देलेला बैल घर सोडून जात नसते, बाई. आंधी कठडा गेला, आता बैल गेला."

कोकिळा चुलीपुढं बसून होती. कठड्याचं खापर तिच्यावर उगाच फुटलं होतं, पण बैलाचं? आवतन तर तिनं खरंच दिलं नव्हतं. तो गेला असेल विहिरीत, नाही तर कोणी हाकलून नेला असेल, आणि जन्मभर या घरात आपल्याकडे बोट दाखवलं जाईल. तिला रडू यायला लागलं आणि धुराचं निमित्त करून तिनं ते रडून घेतलं.

तेवढ्यात अंगणात उत्तमरावाचा आवाज आला, "आला, आला, बैल आला." कोकिळा धावत दाराशी आली.

अमीनाबाई ओला पदर पिळत उभी होती. तिच्यामागं बैल. शिंगांना गेरू, कपाळाला लाल गोंडा, अगदी पोळ्याला सजवलेला.

"माफ करजा, भाऊ," ती म्हणाली. "काल सांजच्याले सवयीनं रिकाम्या खुट्यापाशी गेली. म्हटलं, मोती, आज आवतन घे, उद्या जेवाले ये. तिथं कोणी नोतं, उगीच आपलं म्हटलं. अन् आज पाहतो तं हा दारात उभा. पोळी चारली, मंग ध्यानात आलं, तुमचं सारं घर उपाशी असन. तशीच निघाली."

कोकिळा उंबऱ्यावरच बसली. बैल जिवंत होता, धडधाकट होता, एवढंच तिला पुरेसं होतं.

पण बैल काही अंगणात शिरेना. फाटकाशी चारी पाय रोवून उभा राहिला. उत्तमरावानं चुचकारलं, शालूबाईंनी "ये रे नव्या" म्हटलं. तो हलला नाही.

"नाव घेऊन बोलवा न," अमीनाबाई म्हणाली. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला. तिनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. "काऊन? इतके दिवस काय म्हणत होते तुमी त्याले?"

मग कोकिळेला राहवलं नाही. ती उठून सासूजवळ गेली. "आत्याबाई, चूक माही हाये. मी काल याले आवतनच देलं नाही. मामाजी समोर होते, मले नाव घेता आलं नाही."

कोकिळेनं मान खाली घातली आणि बोलणी खायला तयार झाली.

"येडी का तू?" शालूबाई हळूच म्हणाल्या. "काल वाटी तुह्या हातात काऊन देली, वाटते तुले? माह्याच्यानं होत नोतं म्हनूनच न."

अमीनाबाईनं तोंडाला पदर लावला. मोतीराम खांबाचा टेकू सोडून सावकाश उठले. कोणाकडे न बघता म्हणाले, "मी आत जातो. मले आजकाल तसंबी कमीच ऐकू येते." आणि खरंच आत जाऊन त्यांनी दार ओढून घेतलं.

कोकिळा फाटकाशी गेली. बैलाचा कान तिनं हातात धरला. काल तूप लावलेला खांदा अजून मऊ लागत होता. "मोती," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला. "मोती, आवतन घे. आजच घे अन् आजच जेवाले ये."

बैलानं कान हलवला, तिच्या हाताचा वास घेतला आणि तिच्यामागून सरळ अंगणात आला.

शालूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. "आयकलं का वो? माह्या सुनेच्या हाकेनं बैल घरात आला. पायगुण पाहत होत्या न? पाहून घ्या." एवढं मोठं भाषण त्यांनी त्या घरात प्रथमच केलं असेल. म्हातारीचं डोकं भिंतीआड गेलं. कोकिळेला पुन्हा रडू आलं, पण आता तिनं धुराचं निमित्त केलं नाही.

अमीनाबाईला पाट मांडला. बैलांचे पाय धुतले, ओवाळणी झाली. कोकिळा पोळ्यांचं ताट घेऊन आली आणि सर्जा आणि मोतीच्या मधोमध थांबली.

"आत्याबाई, पयली पोळी कोनाले?"

"मोतीले दे," शालूबाई बोलून गेल्या आणि आपण काय बोललो ते कळून त्यांनी जीभ चावली.

बंद दाराआडून, सकाळपासून उपाशी असलेल्या माणसाचा आवाज आला, "आलो."