व्हर्लाचा फ्रिज आणि पाणसळ

शेजारच्या ट्रेलरमधल्या ऑरिनने व्हर्लाच्या फ्रिजचा सिलिंडर बंद केला, मागची जाळी काढून गॅसची नळी सोडवली, स्क्रू उपसले. मग व्हर्लाने आतून ढकललं, त्याने ओढलं आणि फ्रिज ट्रेलरच्या दारातून बाहेर आला. वाळवंटात घोंगडी अंथरून त्यांनी तो चक्क डोक्यावर उभा केला.

"असा उलटा करून बरा होतो?" व्हर्लाने विचारलं.

"कधीकधी. नळ्यांतलं गार करणारं रसायन एका जागी गोठून बसतं. उलटं केलं की सुटतं."

आतून गुडगुड आवाज आला.

"लेस्टरच्या पोटासारखा बोलतोय," ती हसली. लेस्टर तिचा नवरा. तो वारल्यावर या हिवाळ्यात ती पहिल्यांदाच एकटी ट्रेलर घेऊन ॲरिझोनात आली होती. "माझंच चुकलं बघ. सारखं दार उघडत होते. मुलीला कळवलंय, ट्रेलर विकून येते म्हणून. इन्सुलिन किती दिवस तुझ्या फ्रिजमध्ये ठेवू? मला एकटीला नाही जमायचं हे."

ऑरिन मान खाली घालून जाळीची धूळ झटकत राहिला.

ट्रेलरवाल्यांच्या या तळावर नवा ट्रेलर आला की शेजारी तो लावून देतो आणि फ्रिजच्या तळाशी पाणसळ, म्हणजे सपाटी दाखवणारी बुडबुड्याची पट्टी, ठेवून बघतो. गॅसचा फ्रिज तिरका चालला की बिघडतो, हे इथल्या कुत्र्यांनाही ठाऊक असावं. व्हर्लाचा ट्रेलर लावला त्या दिवशी ती पाणसळ आणायला निघाली, तेव्हा पलीकडे खुंटीवर घोड्याची नाल फेकण्याचा डाव सुरू झाला होता. ऑरिन म्हणाला होता, "राहू दे गं, माझा डोळाच पाणसळ आहे." आणि तो खेळायला पळाला होता. डाव जिंकलाही होता.

फ्रिज उलटासुलटा करून, सरळ उभा ठेवून झाला आणि पुन्हा बसवायची वेळ आली. व्हर्ला कॉफी आणायला गेली. ऑरिनने खिशातून लाकडी फळीचा तुकडा काढला. ती ट्रेलरच्या चाकाखाली सरकवली की ट्रेलर सपाट; कुणाला कळणार होतं? तो वाकला आणि तसाच बसून राहिला. ती कॉफी घेऊन आली तरी फळी हातातच होती.

"पाठ धरली का रे म्हाताऱ्या?"

"व्हर्ला, पाणसळ आण."

तिने आणली. ऑरिनने ती ट्रेलरमध्ये फ्रिजच्या जागी ठेवली. बुडबुडा एका बाजूला पळाला.

"दार उघडल्याने नाही बिघडला. मी बघितलंच नव्हतं. खेळायचं होतं मला."

"आणि मी मुलीला सांगून बसले, मला जमत नाही म्हणून," ती म्हणाली. कॉफी तिने वाळूत ओतली, त्याचीसुद्धा.

जॅकने ट्रेलर उचलून फळी चाकाखाली तिने स्वतः लावली. फ्रिज बसला; साबणाचं पाणी लावून त्याने नळीचा सांधा तपासला, ज्योत पेटली. सकाळी बर्फाच्या साच्यात पाणी घट्ट झालं होतं.

ऑरिन इन्सुलिनचा डबा घेऊन गेला. तिने बाटल्या काढून घेतल्या, एक मात्र डब्यातच ठेवून परत दिली.

"ही तुझ्याकडे राहू दे."

"का? चालतोय की आता."

"चालतोय. पण तू दुधासाठी दार उघडशील, तेव्हा ती दिसू दे तुला," ती म्हणाली, आणि ट्रेलर विकत नाही हे मुलीला फोनवर सांगायला आत गेली.