भोंगा थांबला की यायचं

मित्रांनो, वालूरला माणिकरावांच्या गोठ्यात कधी गेलात, तर बैलांच्या घुंगरमाळा अडकवतात त्या खुंटीकडे जरा बघा. माळांच्या मागे पितळेचं काहीतरी वाकडं, हिरवट पडलेलं दिसेल. तो मी, मोटारीचा जुना भोंगा. हल्लीची पोरं मला नरसाळं समजतात. एकानं तर माझ्यातून बैलाला तेल पाजायचा घाट घातला होता. मी काय बोलणार? माझा रबरी फुगा कडक होऊन तडकला आहे, आणि फुग्याशिवाय भोंगा म्हणजे नरसाळंच.

पण माझेही दिवस होते. माझा जन्म हैदराबादेतल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पितळी पत्रा ठोकून, वळवून, त्याची नळी केली, पुढे तोंड पसरट केलं आणि आत पातळ पत्र्याची एक जीभ बसवली. मागे काळा रबरी फुगा चढवला. तो दाबला की वारा जिभेवरून जायचा आणि मी बोलायचो. कारागिरानं मला दोनदा दाबलं, कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "हौ, बराबर बोलता." त्या एका शाबासकीवर मी कितीतरी वर्षं ताठ मानेनं काढली.

निजामावरची पोलीस ॲक्शन होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. हैदराबादचा कुणी साहेब मोटार विकून गाव सोडत होता. ती माणिकरावांनी घेतली आणि तिच्याबरोबर मी वालूरला आलो. माणिकराव म्हणजे गावचे मोठे शेतकरी. मी पहिल्यांदा वाजलो तेव्हा वेशीतल्या दोन म्हशी दावं तोडून पळाल्या, आणि एक म्हातारा देवाचं नाव घेत घरात गेला. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं.

माझं खरं काम मात्र पालमच्या वाटेवर होतं. पालम हे माणिकरावांच्या बायकोचं, कस्तुराबाईंचं माहेर. वर्षातून एक-दोनदा त्या दोन्ही लेकरांना घेऊन मोटारीनं निघायच्या. रस्ता म्हणजे नुसता फुफाटा आणि दगड. पहाटे वालूर सोडलं, तर दिवस मावळताना पालम यायचं.

लेकरं दोन. थोरला भुजंग आणि धाकटी कडू. कडूच्या आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. म्हणून हिचं नाव मुद्दाम कडू ठेवलं. कडू म्हटलं की मृत्यूलाही ती नकोशी होईल, अशी आपल्याकडची समजूत. पण ज्यांनी हे नाव ठेवलं त्यांना तिच्याइतकं गोड दुसरं काही नव्हतं.

मोटारीत लेकरांचं काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. पहिला अर्धा तास मजेचा. मग ढकलाढकली, मग चिमटे, मग कडूला मळमळायचं. दर बाभळीपाशी ती विचारायची, "पालम आलं का?" कस्तुराबाईंची लिंबं, फुटाणे आणि गोष्टी परभणी यायच्या आतच संपायच्या. मग ड्रायव्हर बन्सीधर मला हळूच टिचकी मारायचा. आता आपली पाळी, हे मला कळायचं.

परभणी आणि गंगाखेडच्या मधल्या माळावर एक विहीर होती. तिथं मोटार थांबायची, कारण तोवर इंजिन तापून पाणी मागायचं. झाकण उघडलं की कढत पाणी उसळायचं. लेकरं जवळ येऊ नयेत म्हणून बन्सीधरनं एक खेळ काढला होता. मी वाजू लागलो की लेकरांनी पळत जाऊन लपायचं. मी वाजत असेपर्यंत बाहेर यायचं नाही. बन्सीधर लबाड, मधूनच हात थांबवून लाडीगोडीनं हाका मारायचा, "कडूबाई कुठाय? बाहेर ये माय, पालम आलं." जो ओ देईल तो बाद, कारण हाकांनंतर भोंगा पुन्हा वाजणारच असायचा. भोंगा थांबला की मात्र सुसाट मोटारीकडे यायचं. पहिला येईल त्यानं भोंगा वाजवायचा.

पहिला नेहमी भुजंगच यायचा आणि मला पिळून काढायचा. एकदा बन्सीधरनं कडूची समजूत काढायला तिला उचलून माझ्यापाशी धरलं. तिनं दोन्ही हातांनी, ओठ दाबून, सगळा जीव लावून मला दाबलं. फुस्स झालं. वारा माझ्या जिभेपर्यंत पोचलाच नाही. ती उतरून मुकाट्यानं मागे जाऊन बसली. त्या दिवसापासून माझी एकच इच्छा होती, की या पोरीच्या हातून आपण एकदा तरी वाजावं.

पुढच्या उन्हाळ्यात कस्तुराबाई बाळंतपणाला पालमला गेल्या होत्या. मुलगा झाला. त्यांना आणायला या खेपेला माणिकराव स्वतः निघाले. भुजंगला परभणीला शाळेत ठेवलं होतं, म्हणून मागच्या सीटवर कडू एकटी. तीन महिने तिनं आईला बघितलं नव्हतं.

माणिकराव तसे कर्तबगार माणूस. बांधावरचे तंटे ते बसल्या जागी मिटवायचे. पण सहा वर्षांच्या लेकीशी मोटारीत दिवसभर काय बोलावं, हे त्यांना उमजत नव्हतं.

"आबा, पालम आलं का?"

"न्हाई."

"आता आलं का?"

"न्हाई आलं. गप बस जरा."

मग ती गप बसली. ते गप बसणं मला सोसवत नव्हतं. पण कुणी दाबल्याशिवाय बोलायची माझी सोय नाही.

विहिरीपाशी मोटार थांबली, तर विहीर कोरडी ठाक. बन्सीधर पत्र्याचा डबा घेऊन पुढच्या गावाकडे पाणी आणायला चालत गेला. माणिकरावांनी झाडाखाली अंग टाकलं. कडू मोटारीभोवती घुटमळत होती. "आबा, खेळा की," ती म्हणाली. त्यांनी डोळ्यांवर उपरणं घेतलं.

तेवढ्यात मल्हारी मेंढपाळाचा कळप आला. मेंढरं सावलीला म्हणून थेट मोटारीखाली शिरली, मडगार्डाला अंग घासू लागली. मल्हारी आणि त्याची बायको केवळाबाई लांबून हाकारे करत होती. माणिकराव वैतागून उठले आणि मेंढरं हुसकायला त्यांनी मला दाबलं. एकदा, दोनदा, पाच वेळा.

मित्रांनो, तुम्हाला कळलंच असेल. कडूचा चेहरा उजळला. खेळ सुरू झाला होता. ती वाऱ्यासारखी पळाली आणि शेताकडेला कडब्याची गंजी होती, तिच्या मागच्या पोकळीत शिरली. मी उंचावर होतो, मला दिसलं. माणिकरावांची पाठ होती.

मेंढरं पांगली आणि त्यांनी मागे वळून पाहिलं, तर पोर नाही.

"कडू," त्यांनी हाक मारली. मग मोठ्यानं, "कडूबाई, कुठाय तू? ये बाई." ओ दिली की बाद आणि हाकांनंतर भोंगा पुन्हा वाजतो, हे कडूला पक्कं ठाऊक होतं. ती हलली नाही. माणिकराव विहिरीकडे धावले. विहिरीला कठडा नव्हता. ते पोटावर झोपून आत बघत राहिले. तळाशी नुसते दगड दिसले, तसे ते उठून चारी बाजूंना बघू लागले.

"काय झालं, मालक?" मल्हारीनं विचारलं.

"पोरगी दिसंना झाली."

"घाबरू नका. आमी बघताव," केवळाबाई म्हणाली. पण नवऱ्याला ती हळूच बोलली ते मी ऐकलं. "परवाच लांडगा फिरलाय इथं. बिगीनं चला."

दोघं दोन बाजूंना गेली. माणिकराव मोटारीपाशी आले. मोटारीचा आवाज ऐकून पोर परत येईल, असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मला धरलं आणि वाजवायला सुरुवात केली.

आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या आवाजाची शिसारी आली. ते तिला बोलावत होते आणि मी तिला सांगत होतो, लपून राहा, लपून राहा. ऊन उतरलं, सावल्या लांब झाल्या. गंजीत ती ओठ दाबून बसली असणार. आज भुजंग नव्हता. आज ती पहिली येणार होती. मी थांबायची तेवढी खोटी होती, आणि माणिकराव मला थांबू देत नव्हते. त्यांचे डोळे भरून वाहत होते. "कडू, मह्या लेकी," असं पुटपुटत ते मला पिळत होते. मी मनात म्हणालो, फुटू दे मला एकदाचं.

आणि मी फुटलो. त्यांच्या मुठीत माझा फुगा उभा चिरला. माळावर एकदम शांतता झाली. माणिकराव हातातल्या फाटक्या रबराकडे बघत उभे राहिले.

गंजीमागून कडू सुटली ती धापा टाकत, केसांत कडब्याची पानं घेऊन, थेट मोटारीला येऊन भिडली.

"मी पैली आले," ती म्हणाली. "आबा, आता मी वाजवू?"

माणिकरावांनी मारायला हात उचलला होता. तो तसाच राहिला. "हाका मारूमारू घसा फुटला. आली का न्हाईस?"

"भोंगा वाजत व्हता की. भोंगा थांबल्याबिगर यायचं नसतं," कडू म्हणाली. एवढ्या मोठ्या माणसाला एवढंही माहीत नाही, याचं तिला नवल वाटत होतं.

माणिकराव मटकन खाली बसले. त्यांनी तिला पोटाशी धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. मग तिला उचलून माझ्यापाशी आणलं. "वाजव, बाई. तू पैली आलीस."

तिनं दोन्ही हातांनी मला दाबलं. पुन्हा फुस्स. तिचा दिवस होता, आणि मी फाटलेला होतो. याचं दुःख मला आजही आहे.

"मह्या हातात जोरच न्हाई," ती म्हणाली.

"तुह्या हातात लय जोर हाय. भोंगाच थकलाय. पुन्हा दाब."

तिनं दाबलं. आणि माणिकरावांनी स्वतःच्या तोंडानं आवाज काढला, "पोंऽऽ पोंऽऽ." शोधून परत आलेला मल्हारी तोंड वळवून हसला. बन्सीधर पाण्याचा डबा घेऊन आला, तर मालक भोंगा झालेले. गंगाखेडच्या भर बाजारातून ते तसेच ओरडत गेले. कडू आबांचा खांदा दाबायची आणि ते वाजायचे. त्या दिवशी पालम आलं का, असं तिनं पुन्हा विचारलं नाही. दिवेलागणीला मोटार दारात थांबली, तेव्हा आवाज बसलेल्या नवऱ्याकडे बघून कस्तुराबाई तान्ह्याला घेऊन उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

पुढं काही वर्षांनी बन्सीधरनं मला ठिगळ लावलं. मी घोगरा का होईना, वाजू लागलो. पण तोवर कडू मोठी झाली. एकदा बन्सीधर तिला म्हणाला, "बाई, आता तुमच्या हातानं वाजंल. बघा दाबून." ती लाजली. "लेकरं वाजवत्यात ते, बन्सीकाका," म्हणाली आणि आत जाऊन बसली. तिचा हात माझ्यापासून वीतभर होता.

मग मोटारीला विजेचा भोंगा बसला. मग मोटारच विकली. पालमला जायला एसटी झाली. कडूचं लग्न झालं, तीही एसटीनंच सासरी गेली. गाडीचा भोंगा वेशीपर्यंत ऐकू येत होता. चांगला दमदार आवाज होता त्याचा, उगाच कशाला नावं ठेवू?

मित्रांनो, लांबच्या वाटेला शेजारी कंटाळलेलं लेकरू असेल, तर त्याला गप बस म्हणू नका. भोंगा नसला तर तोंडानं वाजा. आणि जमलं तर मला चिंच लावून एकदा घासा.

पण मला वाजवू मात्र नका. दिवाळीला कडू माहेरी येते. तिचा आवाज अंगणातून गोठ्यापर्यंत येतो, आणि मी खुंटीवर श्वास रोखून धरतो. खेळाचा नियम तिनं विसरायला नको होता. भोंगा कधीचा थांबलाय, कडू. आता यायचं.