बारा उजवे पाय

पाद्री मोठ्या इगर्जीत राहत, धामापूरच्या पलीकडे. त्यामुळे वाडीतल्या आमच्या छोट्या कपेलाचं वर्ष आम्हीच चालवायचो. नाताळचा गोठा, चाळीस दिवसांचा उपास, मेलेल्यांचा दिवस, सगळं. म्हणजे कपेलाची चावी सांभाळणारा बस्त्यांव चालवायचा आणि आम्ही त्याचा ओरडा खायचो.

येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पवित्र गुरुवारी बस्त्यांव वाडीतल्या बारा पुरुषांचे पाय धुवायचा. उजवाच. रीत तशी. पण अठ्ठावन्न साली बरेचजण मुंबईला आणि बोटीवर गेले, आणि उरलो अकरा.

"बारा नाय तर ह्या वर्सा पाय बंद," बस्त्यांव म्हणाला. आजोबापासून कधी न मोडलेली रीत त्याच्या हातून मोडणार होती.

उपासाचे दिवस म्हणून वाडीत मासे घालायला आलेला विठोबा तिथंच होता. "माझे पाय चलतले काय?"

"पाय बरे आसत रे, पण बाप्तिज्म नाय."

बारावा बस्त्यांवच्या शेजारीच होता, इनास. त्याच्या डुकरानं एकदा बस्त्यांवनं गोठ्यातल्या हिरवळीसाठी रुजत घातलेले नाचणे खाल्ले. पुढं उपासाआधीच्या कार्निव्हालात इनासनं त्या डुकराचं सोरपोतेल केलं आणि बस्त्यांवला ताटली पाठवली नाही. तेव्हापासून बोलणं बंद. डुक्कर संपलं, भांडण पुरवून पुरवून चाललं होतं.

बस्त्यांव कुंपणापाशी उभा राहिला. "माका तुझे पाय व्हये."

"कित्याक?"

"धुवूक."

"तुझ्या हातान?"

"मगे काय हात भाड्यान हाडू?"

इनासनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "येतंय."

गुरुवारी आम्ही अकराजण विहिरीवर काथ्या आणि साबण घेऊन फक्त उजवा पाय घासून आलो. पाय धुवून घ्यायला मळका पाय घेऊन कोण जाईल? इनास गेला. थेट शेतातून, गुडघ्यापर्यंत चिखल.

"शरम नाय तुका?" बस्त्यांव कुजबुजला.

"धुवूचेच आसत मां? मगे धुवन कित्याक येव?"

बस्त्यांव पाणी ओतू लागला. तांब्या संपला, घागर संपली. दारात उभ्या विठोबानं विहिरीवरून दुसरी आणली. बस्त्यांव इरेला पेटून तळवा घासू लागला, आणि इनास किंचाळला, "सोड रे बस्त्यांव, गुदगुल्यो होतत!"

वर्षातल्या सगळ्यात गंभीर दिवशी कपेल हसलं. बस्त्यांवही हसला, मग खोकला काढून ते झाकलं.

आता धुतलेल्या पायाचा मुका घ्यायचा होता. बस्त्यांव वाकला आणि थांबला.

"ताटली माका इलीच नाय," तो पायाला म्हणाला.

"उपास सुटलो की पास्काक धाडतंय," वरून उत्तर आलं. "मोठी."

बस्त्यांवनं मुका घेतला. मग डोळे पुसले आणि म्हणाला, "डावो फुडे हाड."

रीतीत डावा कुठंच नव्हता. आम्ही अकराजणांनी मुकाट्यानं आपापले डावे पाय बाकाखाली ओढून घेतले.