लायसन बघायला आलेली बाई

कडी वाजवायला उचललेला हात शीलानं खाली घेतला आणि पर्समधलं कार्ड पुन्हा एकदा चाचपून पाहिलं. गंगाखेडपासून पेडगावपर्यंत तिनं ते निदान दहा वेळा चाचपलं होतं. पंचवीस अक्षरांचा नंबर छापलेलं ते कार्ड हरवलं असतं तर बरं झालं असतं, असंही परभणीच्या स्टँडवर तिला वाटून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तिच्या टायपिंग क्लासची तपासणी होती. अट सरळ होती: प्रत्येक कॉम्प्युटरला विंडोजचं स्वतःचं लायसन, नाहीतर परीक्षा केंद्राची मान्यता रद्द. नऊ कॉम्प्युटर ठीक होते. दहावा नवा होता, आणि त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात लायसन मागणारी फिकट अक्षरं उमटली होती, ती कार्डावरचा नंबर घालूनही जात नव्हती. आठ वर्षं एकटीनं उभा केलेला क्लास त्या फिकट अक्षरांपाशी येऊन अडला होता. चार दिवस तिच्या घशाखाली धड घास उतरला नव्हता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. तिच्या पाठी तर शिक्का मारलेलं सरकारी पत्रच लागलं होतं.

चूक तिचीच होती, आणि घरच्या वळणाची होती. वडील ग्यानबा शेळ्यामेंढ्या राखणारे. बाजारात जनावर विकलं की दावं सोडून घरी आणायचं, दाव्यासकट जनावर कुणाला द्यायचं नाही, दिलं तर घरची बरकत जाते, हे ती लहानपणापासून बघत आली होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी जुना कॉम्प्युटर आपल्या विद्यार्थिनीला, अर्पिताला, विकताना तिनं लायसनचं कार्ड आठवणीनं कपाटात ठेवलं. दावं आपल्याकडं राहिलं, असं समजून ती निर्धास्त झाली. काल दुरुस्तीवाल्या भागवतनं फोनवर सांगितलं तेव्हा तिला घोळ कळला.

"कार्ड तुमच्याकडं हाय, पण लायसन तिकडंच चालू हाय की, मॅडम. एक लायसन, एक कॉम्प्युटर. जुन्यावरून काढा, मगच नव्यावर बसवता येतंय."

"तिकडचा बंद पडेल?"

"बंद न्हाई पडत. पण लायसन न्हाई म्हणून दाखवतंय."

तेवढंच पुरेसं होतं. अर्पिता घरी बसून एका कंपनीचं माहिती भरायचं काम करत होती, आणि ती कंपनी दर सोमवारी लायसनच्या पानाचा फोटो मागवून घेत होती. नसेल तर काम बंद. काम लागल्याचे पेढे द्यायला आली तेव्हा अर्पितानंच हे कौतुकानं सांगितलं होतं. म्हणून शीला वाटभर वाक्यं जुळवत आली होती. माझं चुकलं, मी अडचणीत आहे, एवढं परत द्या. हात जोडायचे. रडू आलं तर येऊ द्यायचं.

तिनं कडी वाजवली. दार अर्पिताच्या आईनं, कस्तुराबाईंनी उघडलं.

"मॅडम? अशा अवचित?"

"थोडं काम होतं." शीलानं पर्स घट्ट धरली. "त्या कॉम्प्युटरचं लायसन बघायचं होतं."

कस्तुराबाईंचा हात दारावरच राहिला. मागच्याच महिन्यात गावात खताच्या दुकानावर लायसनवरून पोलिसांची जीप आली होती. दुकानदाराला त्यात बसवून नेलेलं साऱ्या गावानं पाहिलं होतं.

"कशाचं लायसन? आमी तर काईच केलं न्हाई, बाई. पोरगी नुसती टाइप करायलीय घरात बसून. गुन्हा हाय का काई?"

शीलानं तोंड उघडलं. जुळवून आणलेली वाक्यं जिभेवर आली होती. पण समोरचे डोळे तिला ओळखीचे वाटले. चार दिवस आरशात ती तेच बघत होती. तिला दया आली. मात्र दयेच्या आधी, लाज वाटावी इतक्या चटकन, तिला हायसं वाटलं. सुंठीवाचून खोकला जात होता.

"लायसन तुमच्या नावावर नाही," ती म्हणाली. यातला शब्द न् शब्द खरा होता. "काढून टाकलं की प्रश्न मिटेल."

कॉम्प्युटरसमोर बसलेली अर्पिता उठून उभी राहिली.

"मॅडम, देताना तुमीच म्हणलात, सम्दं ओरिजनल हाय, काई बघायची गरज न्हाई."

"गप बस," कस्तुराबाई म्हणाल्या. "मास्तरणीसंगं वाद घालायलीस?"

शीला खुर्चीवर बसली. शेकडो पोरींना टायपिंग शिकवलेली तिची बोटं दोनदा चुकली. तिसऱ्यांदा भागवतनं सांगितलेली ओळ बरोबर उमटली, तिनं बटण दाबलं, आणि नंबर काढून टाकल्याची चौकट पडद्यावर आली. वाटलं होतं त्यापेक्षा फारच सोपं होतं.

"सोमवारी मी काय पाठवू?" मागून अर्पितानं विचारलं.

"नवं घ्यावं लागेल," शीला पडद्याकडंच बघत म्हणाली.

कस्तुराबाईंनी चहा आणला.

"लय उपकार झाले, बाई. दुसरं कुणी आलं असतं तर आमाला चावडीवर उभं केलं असतं. अर्पिता, पाया पड मॅडमच्या."

अर्पिता वाकली. शीलाला पाय मागं घ्यायचे होते, पण खुर्ची भिंतीला टेकली होती. "सुखी राहा," ती सवयीनं म्हणून गेली.

चहा तसाच ठेवून ती उठली. कस्तुराबाई दारापर्यंत आल्या. त्यांना आता धीर आला होता.

"उद्या कुणी सायेब आलाच, तर सांगते की गंगाखेडच्या शीलामॅडमनी सम्दं काढून नेलंय म्हणून."

"माझं नाव सांगू नका," ती म्हणाली. फारच लवकर म्हणाली.

कस्तुराबाईंनी समजल्यासारखी मान डोलावली.

"का, मॅडम?" आतून अर्पितानं विचारलं.

शीला चपला घालायला वाकली, आणि बराच वेळ तिनं मान वर केली नाही.