पोचल्याची तार

माझे वडील सध्या एकोणीस वर्षांचे आहेत. आधार कार्ड काहीही सांगो. त्यांच्या हिशेबाने ते कराडहून निघून कालच चंदीगडच्या हवाई तळावर वायरलेस ऑपरेटर म्हणून रुजू झालेत आणि आईला, म्हणजे माझ्या आजीला, पोचल्याची तार करायची राहिलीय. बाकी सगळं विसरले, ही तार तेवढी विसरत नाहीत.

संध्याकाळ झाली की ते चपला शोधायला लागतात आणि मी, त्यांची मुलगी मंजुषा, दाराशी पाय रोवून उभी राहते. मागच्या आठवड्यात दूध उतू गेलं म्हणून मी वळले, तर हे रिक्षा करून थेट सेक्टर सतराच्या पोस्टात. तार बंद झाली म्हणणाऱ्या पोरीवर तिथे खेकसले. रिक्षावाल्या सरदारजींनीच परत आणून सोडलं. माझा नवरा संग्राम, तोही एअर फोर्सचाच आणि सध्या इथे चंदीगडलाच नेमणुकीला, म्हणाला, आता बाहेरून कुलूप लावू. मला त्याचा राग आला आणि त्याचं बरोबर होतं याचा जास्त आला.

कुलूप यायच्या आत मी मोबाइल दाखवून पाहायचं ठरवलं. त्यांनी तो उलटसुलट केला, एरियल कुठे म्हणून विचारलं, फ्रिक्वेन्सी विचारली. यात बोलणारा माणूस दिसतो म्हटल्यावर त्यांना माझी कीव आली. आमच्या सेटवर नुसता आवाज धड आला तरी आम्ही खूश होतो, म्हणाले.

मी शोभनाआत्याला व्हिडिओ कॉल लावला. धाकटी बहीण म्हातारी झालेली दिसली की हे भानावर येतील, असा माझा शहाणपणा. आत्या कराडच्या स्वयंपाकघरात बसली होती. बाबा खुर्चीतून उठलेच.

"आई," ते म्हणाले.

उतारवयात आत्या हुबेहूब आजीसारखी दिसायला लागलीय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी चूक सुधारणार, तोवर त्यांची नजर तिच्या कपाळावर गेली.

"आई, कुंकू कुठंय तुझं? आप्पांना काय झालं?"

झालं. आता तारेवर भागणार नव्हतं, आता त्यांना गाडीच पकडायची होती. माझा हात झटकून ते एका पायात चप्पल घालून दाराशी गेले आणि कडीशी झटापट करायला लागले. मला कुणी कळवलं का नाही, मला कुणी कळवलं का नाही, एवढंच चाललं होतं. आप्पांना जाऊन जमाना झाला, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? मी फोनकडे पाहिलं तर तिथे नुसती भिंत. आग लावून आत्या पळाली, असं माझ्या मनात आलं. मला रडू फुटायच्या बेतात होतं.

आणि ती परत आली. देवघरातलं कुंकू तिने बोटाने कपाळभर लावलं होतं, नाकावरही सांडलं होतं. तिचे यजमान अशोककाका गेल्यापासून आम्ही तिला साधी टिकली लाव म्हणून किती विनवलं, दर वेळी ती आमच्या अंगावर आली होती.

जन्मभर ज्याला दादा म्हटलं त्याला ती म्हणाली, "विश्वा, आत्ताच न्हाऊन आले होते रे. हे बघ, लावलं. आप्पा रानात गेलेत. तू पोचलास का?"

कडीवरचा हात खाली आला. ते फोनपाशी आले.

"पोचलो आई. जेवलोही." मग फोनवर वाकून, "शोभी रडते का अजून?"

आत्याने फोन जवळ घेतला. "नाही रडत," ती म्हणाली.

बाबांनी चप्पल काढली, खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला. मी हलक्या आवाजात म्हटलं, "आत्या, झोपले ते. पुसलंस तरी चालेल आता."

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या परत फोन लाव. शोभीचं विचारणारा आता तेवढाच उरलाय."