सांभाळायला दिलेल्या बांगड्या

काचेच्या बांगड्या उतरवल्याशिवाय बाईला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं नाही, हा आमच्या मिशन दवाखान्याचा नियम होता आणि तो मला मनापासून पटलेला होता. क्लोरोफॉर्म देताना माणूस हातपाय झाडतं. काच फुटली की कुणाला लागेल सांगता येत नाही. पण पाथर्डीकडून आलेल्या मालनला हे कोण समजावणार? पोटात ही एवढी गाठ. आज काढली नाही तर पोरगी हाताला लागत नाही, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या. आणि ही दोन्ही हात छातीशी धरून खाटेवर बसलेली.

"मालक बर्माच्या लढाईत हायेत. दिवाळीपासनं कागद न्हाई," ती म्हणाली. "मी बोडक्या हातानं आत गेले आन् तिकडं त्यांचं काई झालं तर?"

"अगं, पण तूच गेलीस तर?" मी म्हणाले. नर्सचं काम करून करून माझी जीभ अशीच झाली होती.

तिची सासू आक्काबाई माझ्यावर उखडली. "कासार बी बांगड्या भरताना हात रिकामा करत न्हाई, बाई. जुनी एक ठिवतो, नवी चढली की मग ती काढतो. तुमी कोन सांगनार?"

मी कपाळाला हात लावला. माझ्याबरोबरची नर्स मरिया हिचं त्या दिवसाचं काम संपलं होतं, तरी ती घरी जायची सोडून मालनच्या पायाशी टेकली. "बांगड्या कुणाच्या तरी हातात राहिल्या म्हणजे झालं ना? तू बाहेर येईपर्यंत कुणी घालून बसलं तर चालेल?"

सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं. चालेल म्हणाल्या, पण सवाष्ण हवी. आक्काबाई स्वतः विधवा, वॉर्डातल्या बाकीच्या म्हाताऱ्याही तशाच. मग मीच बाह्या सरसावल्या. माझा नवरा जॉर्ज चांगला धडधाकट होता. साबण लावला, तेल लावलं, पण मालनची इवलीशी बांगडी माझ्या अंगठ्यापुढे सरकेना. म्हाताऱ्या खुदुखुदु हसल्या, मालनही हसली. मरियाचा हात तेवढा बारीक होता.

"तुमचं मालक कुठं असत्यात?" आक्काबाईंनी तिला विचारलं.

मी डोळ्यांनी खुणावलं, गप्प बस म्हणून. पण मरिया सरळ म्हणाली, "वारले. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी."

आक्काबाईंनी सुनेचा हात झटकन मागे ओढला. मला असा संताप आला मरियाचा! तिला बाजूला घेऊन म्हटलं, "खोटं बोलली असतीस तर काय बिघडलं असतं? पोर वाचली असती."

"ती आता शुद्ध हरपून आपल्या हवाली होणार, फिलोमिना," ती म्हणाली. "त्याआधी विचारलेल्याचं खरं उत्तर तरी तिला मिळायला नको का?"

तेवढ्यात मागून मालन बोलली. "बाई, तुमीच घाला."

"येडी झालीस का?" सासू ओरडली.

"असू द्या, आत्याबाई. ज्यांचं गेलंय त्यास्नीच ठावं, कसं जपायचं ते."

मालनच्या हातातून निघालेली एकेक बांगडी थेट मरियाच्या हातात चढली, आणि मालन आत गेली.

मरिया व्हरांड्यात बसली, हात मांडीवर ठेवून, जराही न हलवता. शेजारी आक्काबाई, तिच्याकडे पाठ करून. मी आतबाहेर करत होते. पुन्हा बाहेर आले तर सकाळी आमच्या माठाला न शिवलेली ती म्हातारी आपल्या तांब्यातलं पाणी मरियाच्या तोंडाला लावत होती. "हात नका हलवू, काच हाय," म्हणत होती.

गाठ निघाली. मालननं डोळे उघडले आणि आधी मरियाचे हात शोधले. मग आक्काबाईंनी स्वतः साबणाचं पाणी घेऊन मरियाच्या हातातल्या बांगड्या उतरवल्या आणि सुनेच्या हातात भरल्या. मरियाच्या हातात शेवटची एक उरली, तिथे त्या थांबल्या.

"काढा ना," मरिया म्हणाली.

"न्हाई. हात रिकामा करायचा नसतो."

हे म्हणणारीचे स्वतःचे हात कित्येक वर्षं रिकामे होते. नवरा गेला तेव्हाही मी मरियाला रडताना पाहिलं नव्हतं, ती तिथे रडली.

नर्सनं कामावर बांगडी घालायची नाही, हाही आमचा नियम. मेट्रनबाई येताना दिसल्या, तशी मी मरियाची बाही मनगटाच्या खालपर्यंत ओढली.